चौदा मिलिमीटर

धाकटी आठ महिन्यांसाठी घरी राहायला येणार हे कळलं, तेव्हा थोरलीने मागची खोली रिकामी करायला घेतली. शिलाई मशीन उचलून जिन्याखाली ठेवलं, कपाटातले दोन कप्पे मोकळे केले, खिडकीची काच आतून-बाहेरून पुसली. तिचा नवरा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. तो बस डेपोत मेकॅनिक होता आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नसे.

“एवढी चकाचक खोली आपल्याला लग्नानंतरही मिळाली नव्हती.”

“तुमच्या मेहुणीला पुराचा नकाशा करायचाय,” थोरली म्हणाली. “तुम्हाला घोरायचंच होतं.”

घर बाबांचं होतं. आई गेल्यापासून थोरली आणि तिचा नवरा तिथेच राहत होते. बाबा जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर ऑपरेटर होते. पंपघर गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या मागे तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं भांडं होतं: वर नरसाळं, आत साठवणीचं भांडं, शेजारी काचेची मापनळी. रोज सकाळी साडेआठला बाबा कुंपणात जायचे, पाणी नळीत ओतायचे, डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचे आणि वहीत आकडा लिहायचे. एकतीस वर्षं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते आकडा लिहून मगच निघाले होते, असं आई सांगायची, आणि सांगताना तिला त्याचं कौतुक होतं की राग, ते कधी कळलं नाही.

दोन्ही मुली पाण्यातच राहिल्या, पण वेगवेगळ्या खोलीवर. थोरली पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, मीटर उलटा फिरतोय, गटाराचा वास येतोय, हे सगळं ती वीस वर्षं लिहून घेत होती. तिच्याहून आठ वर्षांनी लहान असलेली धाकटी शिकून हवामान आणि पाण्याची तज्ज्ञ झाली होती, राजधानीत मोठ्या जागेवर होती. आता याच गावाचा पूर समजून घ्यायचं काम तिच्याकडे आलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, मोठी वस्ती होती. दर काही वर्षांनी तिच्यात पाणी शिरायचं. वस्तीच्या वर दोन ओढे नदीला मिळत, एक डोंगराकडून येणारा आणि एक पूर्वेकडून. पूर कुठला ओढा आणतो, हे आधी ठरवायचं होतं, कारण पाणी मोजायचं यंत्र आणि धोक्याचा भोंगा यंदा एकाच ओढ्यावर बसणार होता. त्यासाठी अकरा ठिकाणच्या पावसाच्या जुन्या वह्या, नदीच्या पातळीच्या नोंदी, सगळं धाकटी संगणकात भरून एकमेकांशी ताडून बघत होती.

पहिल्या दिवशीच मोठ्या साहेबांनी तिला काचेची केबिन दिली. तक्रार खिडकीवरून ती केबिन सरळ दिसायची. धाकटी नकाशावर बोट ठेवून बोलायची आणि साहेब, जे थोरलीच्या अर्जावर कधी मान वर करून सही करत नसत, ते शाळेतल्या पोरासारखे मान डोलवत ऐकायचे.

“तुमची बहीण म्हणजे कमाल आहे हो,” शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट म्हणाली. “तुम्ही दोघी सख्ख्याच ना?”

“सख्ख्याच,” थोरली म्हणाली आणि पुढच्या माणसाला जरा जास्तच जोरात हाक मारली.

घरी त्याहून वाईट होतं. बाबांना हल्ली ऐकू कमी येत असे. थोरलीला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. धाकटी मात्र कुजबुजली तरी त्यांना कळायचं. जेवण झालं की दोघं टेबलावर जुन्या वह्या पसरून बसत. “बाबा, या तारखेला सतरा पूर्णांक चार?” “हो, त्या दिवशी गारा होत्या, वितळायची वाट बघितली होती मी.” बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज थोरलीने वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. ती ताटं उचलायची, टेबल पुसायची, वह्यांच्या कडेकडेने फडकं फिरवायची. बहिणीचं कौतुक बघून तिच्या पोटात दुखायचं. तिला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून धाकटीचा आणखीच राग यायचा. पाण्यात पाहणे म्हणतात ते तिला आता पुरतं कळलं होतं. सख्ख्या बहिणीच्या चपलासुद्धा तिच्या डोळ्यांत खुपायला लागल्या होत्या.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी धाकटी हसतच घरी आली.

“बाबा, सापडलं! पूर पूर्वेचा ओढा आणतो.”

“कशावरून?”

“मोठा पूर आला होता ना, वस्तीत दारांच्या चौकटी बुडाल्या होत्या, त्या दिवसावरून. पूर्वेच्या केंद्रावर त्या दिवशी एकशे अडतीस मिलिमीटर पाऊस आहे. आणि डोंगराकडे, आपल्या पंपघरावर, फक्त चौदा. चौदा मिलिमीटरने ओढ्याला घोट्याएवढंसुद्धा पाणी येत नाही.”

थोरली पाण्याचा जग भरत होती. जग भरून वाहिला, पाणी ओट्यावरून खाली आलं, तरी तिने नळ बंद केला नाही.

ते चौदा तिने लिहिले होते. मनाने.

त्या वर्षी बाबा पंपघराच्या जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून इस्पितळात गेले. आई त्यांच्याजवळ. थोरली अठरा वर्षांची होती, धाकटी दहाची. त्याच आठवड्यात थोरलीच्या नावाचं पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातल्या विज्ञान कॉलेजात तिला जागा मिळाली होती, बारा दिवसांत हजर व्हायचं होतं. तिने पत्र कुणाला दाखवलंच नाही. घर बघायचं होतं, धाकटीची वेणी घालायची होती, डबा करायचा होता, आणि सकाळी साडेआठला त्या कुंपणात जाऊन पाऊस मोजायचा होता. बाबांनी इस्पितळाच्या खाटेवरून सांगितलेली एकच गोष्ट ती होती. “वही चुकवू नकोस.” तुझं काय चाललंय, असं त्यांनी विचारलं नाही.

मग तिने एकोणीस दिवस मोजलंच नाही. खिडकीतून बाहेर बघायची आणि आकडा लिहायची. सहा. चार. दहा. चौदा. आकडे महिन्याच्या शेवटी पाकिटातून जायचे, त्यांची रोज कुणी वाट बघत नव्हतं. पुराच्या दिवशी खालून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा ती धावत कुंपणात गेली. भांडं काठोकाठ भरून बाहेर वाहत होतं. तिने ते उपडं केलं आणि वहीत लिहिलेला सकाळचा चौदा तसाच राहू दिला.

आता खरं सांगायचं तर ती धाकटीला त्याच संध्याकाळी सांगू शकली असती. जग बाजूला ठेवून दोन वाक्यं बोलायची होती. पण ती बोलली नाही. पहिल्यांदा भीतीने, बाबांच्या. अंथरुणावर पडल्यावर मात्र तिच्या मनात दुसराच विचार आला आणि तो तिला गोड वाटला. धाकटीचा सगळा डोलारा माझ्या एका आकड्यावर उभा आहे. भोंगा चुकीच्या ओढ्यावर बसेल. कधीतरी पाणी डोंगराकडून येईल आणि मग सगळ्यांना कळेल, बाईंची हुशारी किती खोल आहे ते. त्या पाण्यात माणसं असतील, हा विचार ती डोक्याच्या दारापर्यंत येऊ द्यायची आणि तिथूनच परत पाठवायची.

दोन दिवसांनी धाकटीने तिला वही दाखवली.

“ताई, हे तुझं अक्षर ना? बाबा इस्पितळात होते तेव्हाचं.”

“हो.”

“हे आकडे नीट घेतलेले आहेत ना गं? शेजारच्या केंद्रांशी जरा जुळत नाहीयेत.”

थोरलीने तिच्याकडे बघितलं. कानामागे पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा. हिची वेणी मी घालत होते.

“मी बाबांची मुलगी आहे,” थोरली म्हणाली. “आकडे मलाही मोजता येतात.”

“तसं नाही गं,” धाकटी ओशाळून म्हणाली आणि वही मिटली.

सभा रविवारी सकाळी नगर सभागृहात भरली. अडीचशे माणसं होती. पडद्यावर गावाचा नकाशा, त्यावर निळे ओढे, लाल रंगात बुडणारी घरं. धाकटी फार छान बोलली. शब्द सोपे, आवाज शांत. पूर्वेच्या ओढ्यावर तिने बोट ठेवलं तेव्हा मागून एक बाई उठल्या. वस्तीत इस्त्रीचं दुकान चालवायच्या, साठीच्या असतील.

“पूर्वेकडून नाही आलं पाणी. डोंगराकडून आलं. लाल होतं. माझे धुतलेले कपडे लाल झाले होते, मी विसरेन होय? पूर्वेची माती काळी आहे.”

धाकटी मऊ हसली. “मावशी, आठवण आणि नोंद यांत फरक असतो. चोवीस वर्षं झाली त्याला.”

सभागृहात खसखस पिकली. बाई “नोंद तुमची, घर माझं” म्हणत खाली बसल्या. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. पाणी कुठे मुरतंय ते अख्ख्या सभागृहात तिला एकटीलाच माहीत होतं.

मग धाकटीने बाबांना उभं केलं. एकतीस वर्षं वहीतला एकही दिवस चुकू न देणारा हा माणूस, ती म्हणाली. टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी स्वतः पुष्पगुच्छ दिला. बाबा रडत होते.

“आणि माझी ताई,” धाकटी म्हणाली. “तिच्याशिवाय हे झालंच नसतं. आठ महिने तिने मला वेळेवर जेवायला घातलं.”

लोक प्रेमाने हसले. टायपिस्ट वळून थोरलीकडे बघत टाळ्या वाजवायला लागली.

आपण उभ्या राहिलोय, हे थोरलीला उभं राहिल्यावर कळलं.

“ते आकडे खोटे आहेत,” ती म्हणाली. “मी लिहिले ते. एकोणीस दिवस. मी मोजलंच नव्हतं. तुझे ते चौदा मिलिमीटर माझ्या मनातले आहेत.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. थोरली त्याच क्षणाची वाट बघत होती, आणि क्षणभर तिला तो मिळाला. मग तिची नजर बाबांकडे गेली. ते बाजूच्या माणसाला विचारत होते, “काय म्हणाली? काय म्हणाली ती?” आणि तो माणूस सांगायला तयार नव्हता.

धाकटीने पाण्याचा घोट घेतला. माईक तोंडाजवळ धरून तिने विचारलं, “भांडं बघितलं होतंस का? पुराच्या दिवशी?”

“बघितलं. भरून वाहत होतं.”

“त्याआधी कधी रिकामं केलं होतंस?”

“सहा दिवस आधी, शेवटचं खरं मोजलं तेव्हा.”

“त्यात दोनशे मिलिमीटर पाऊस मावतो.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. “सहा दिवसांचे मिळून तू लिहिलेस अठ्ठेचाळीस. आणि पडला दोनशेच्या वर.” ती इस्त्रीवाल्या बाईंकडे वळली. “मावशी, मी मघाशी चुकीचं बोलले. मला माफ करा. पाणी लाल होतं म्हणालात?”

“लालभडक.”

“हा नकाशा चुकलेला आहे,” धाकटी सगळ्यांना म्हणाली. “मी तो मागे घेते. दोन महिने द्या, दुसरा आणते.”

आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मघापेक्षा जोरात. इस्त्रीवाल्या बाईसुद्धा वाजवत होत्या. थोरली उभीच होती. चूक हिची, तरी टाळ्या हिलाच. आपल्या वाट्याला मात्र हात दाखवून अवलक्षण.

घरी आल्यावर बाबा सरळ आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. थोरलीच्या नवऱ्याने परिस्थिती बघितली, “स्कूटरचा ब्रेक बघतो” म्हणाला आणि बाहेर सटकला. दोघी स्वयंपाकघरात उरल्या.

“चार महिने तुला माहीत होतं,” धाकटी म्हणाली. “रोज मला वाढत होतीस आणि गप्प होतीस. मी विचारलं होतं तुला. या इथे बसून विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

“ते आकडे जुळत नव्हते, ताई. माझ्याबरोबरचे दोघं म्हणाले, हे एकोणीस दिवस वगळून टाकू या, काहीतरी घोळ आहे. मी त्यांना काय म्हटलं माहितीये? म्हटलं, हे माझ्या ताईचं अक्षर आहे. ती चुकत नाही. दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं ना, तर मी ते पान तेव्हाच बाजूला काढलं असतं.”

थोरलीला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर धाकटीची बॅग होती.

“मला कॉलेजात जागा मिळाली होती,” ती म्हणाली. “त्याच आठवड्यात. विज्ञानाला.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू दहा वर्षांची होतीस.”

“नंतर मोठी झाले की. चोवीस वर्षांत तुला एक दिवस मिळाला नाही?”

“काय सांगणार होते? की तुझं बघून माझा जीव जळतो? हे काय सांगण्यासारखं असतं?”

धाकटीने चष्मा काढून डोळे पुसले. “मग आज का सांगितलंस? वस्तीतल्या लोकांसाठी?”

थोरली खोटं बोलू शकली असती. ते वाक्य तिच्यापुढे तयार ठेवलेलं होतं.

“नाही. तुझी फजिती व्हावी म्हणून.”

“झाली,” धाकटी म्हणाली. बॅग उचलून ती मागच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाच्या विश्रामगृहात राहायला लागली.

बाबा अकरा दिवस थोरलीशी बोलले नाहीत. भिंग घेऊन ते एकतीस वर्षांच्या वह्या पहिल्या पानापासून तपासत बसले. मदत करू का म्हटलं तर हाताने नको म्हणायचे. बाराव्या दिवशी ते आपण होऊन स्वयंपाकघरात आले.

“कॉलेजचं पत्र आलं होतं?” त्यांना धाकटीने सांगितलं असणार.

“हो.”

“मला का नाही दाखवलंस?”

“तुमचा पाय टांगलेला होता, बाबा.”

त्यांनी हातातलं भिंग ओट्यावर ठेवलं. “मोजता आलं नाही तर रेघ मारायची,” ते म्हणाले. “रिकामी जागा चालते. खोटा आकडा चालत नाही. हे मी तुला शिकवायला हवं होतं. मी फक्त वही चुकवू नकोस म्हटलं.” मग घसा खाकरून, “चहा आहे का?”

ही माफी होती की नव्हती, हे थोरलीने विचारलं नाही. चहा केला.

महिन्याभराने धाकटी तक्रार खिडकीवर आली. रांगेत उभी राहून आली, मागच्या दाराने नाही. हातात जाड पाकीट होतं.

“बाकीच्या दहा केंद्रांच्या वह्यांच्या प्रती आहेत,” ती रागातच म्हणाली. “आणखी कुणी असं केलं असेल तर मला कळायला हवं. संगणक काही सांगतो, सगळं नाही सांगत. मनाने लिहिलेला आकडा कसा दिसतो, ते तुला कळतं.”

“चोराच्या हाती किल्ल्या?”

“आमच्याकडे दुसरा चोर नाहीये,” धाकटी म्हणाली. हसली नाही, पण गेलीही नाही.

थोरलीने पाकीट घेतलं, मुख्यतः ‘ताई नाही म्हणाली’ असं म्हणायची संधी धाकटीला मिळू नये म्हणून. आणि मग तिला त्या पानांमधून मान वर काढता येईना. खरा पाऊस कसाही पडतो, बारा पूर्णांक सात, शून्य, शून्य, त्रेसष्ट पूर्णांक एक. माणूस मनाने लिहितो तेव्हा तो भितो. फार लिहीत नाही, सम आकडे लिहितो, शून्यही पुरेशी ठेवत नाही. तिने तीन केंद्रांत तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. पूर्वेच्या केंद्रावर एका म्हाताऱ्या शिक्षकांना ती स्वतः जाऊन भेटली. “ते दिवस आठवतात?” विचारल्यावर ते आधी चिडले. “मीही केलंय हे,” ती म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि बायकोच्या आजारपणाची सगळी हकिकत सांगितली.

त्या सगळ्या खोट्या नोंदी वगळून नवा नकाशा झाला. भोंगा डोंगराकडच्या ओढ्यावर बसला. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी तो वाजला. लोक दोन तास आधी शाळेच्या इमारतीत गेले, आणि नंतर वस्तीत कमरेएवढं लाल पाणी शिरलं. माणूस एकही गेला नाही.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात धाकटीचा फोटो आला, पहिल्या पानावर, चार रकान्यांत. टायपिस्टने तो थोरलीच्या टेबलावर आणून ठेवला. बातमीत वह्या तपासणाऱ्या बाईचा उल्लेख नव्हता. आत, अहवालात होता, एका ओळीत. धाकटीने तो स्वतः आग्रहाने घातला होता. पण अहवाल कोण वाचतं?

थोरलीच्या पोटात दुखलं. अगदी पूर्वीच्याच जागी. आता हे थांबेल, असं तिला मधले काही महिने वाटलं होतं; तसं काही होणार नव्हतं. तिने बातमी शेवटपर्यंत वाचली. पावसाचा एक आकडा चुकीचा छापला होता. तिने फोन उचलला.

“फोटो आलाय तुझा,” ती म्हणाली. “केस विंचरायला काय झालं होतं?”

“वारा होता गं तिथे.”

“आणि एकशे एकोणसाठ नाही, एकशे एकोणसत्तर होता तो. त्यांना दुरुस्ती छापायला सांग.”

“तूच सांग ना,” धाकटी म्हणाली. “नंबर पाठवते. तुझं नाव सांग, पूर्ण.”

खिडकीपुढे रांग वाढली होती. थोरलीने कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, “पाठव.”